अफगाणिस्तानातल्या अपंगांसाठी मदत करायची तर नेमकी कशी करायची

पहिली गोष्ट, व्हीलचेअर गोळा करायला लागू नका. भूकंप झाला, बॉम्ब फुटला, टीव्हीवर कुठलं तरी पोरगं कुबड्यांवर दिसलं की आपल्याकडे कोणीतरी ग्रुपवर टाकतंच, चला आपल्या सोसायटीतून पन्नास व्हीलचेअर पाठवू. भावना चांगली आहे, त्यात काही म्हणणं नाही. पण आपण जी हॉस्पिटलवाली फोल्डिंग खुर्ची पाठवणार ती गुळगुळीत फरशीसाठी असते, पुढची चाकं एवढीशी, ती काबूलच्या बाहेर गेली की खडीत रुतते. आणि ज्याच्या मणक्याला मार लागलाय त्याला खालची संवेदनाच नसते, त्यामुळे मापाची नसलेली खुर्ची आणि साधी गादी म्हणजे बेडसोअर, तो चिघळला की थेट हाडापर्यंत जातो आणि माणूस त्यातच जातो. डब्ल्यूएचओने २००८ साली कमी साधनं असलेल्या देशांसाठी व्हीलचेअरची गाइडलाइन काढली होती, त्यात आठ पायऱ्या आहेत, पेशंट येण्यापासून तपासणी, माप, ऑर्डर, जोडणी, फिटिंग, वापरायचं ट्रेनिंग ते पुढची दुरुस्ती. तुमची ट्रकभर खुर्च्यांची आयडिया या आठातली फार तर एक पायरी करते, तीसुद्धा अर्धवट. शिवाय काबूलमध्ये रेडक्रॉसचं अपंगांसाठीचं सेंटर आहे, तिथे व्हीलचेअर तिथेच बनतात, तिथल्या रस्त्यांच्या हिशोबाने, हे बहुतेकांना माहीतच नसतं.

मी फिजिओ आहे, त्यामुळे हे सगळं फिजिओच्या नजरेतून आहे. वकील किंवा सीए लोकांनी आपापली भर घालावी.

तर आधी तिथे काय आहे ते समजून घ्या, कारण आपल्याला वाटतं तिथे काहीच नसेल, आणि प्रत्यक्षात रिहॅबच्या, म्हणजे अपंगांच्या पुनर्वसनाच्या, बाबतीत तिथे जे उभं आहे ते आपल्या कित्येक जिल्ह्यांत नाही. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीने, म्हणजे आयसीआरसीने, काबूलमध्ये ऑर्थोपेडिक सेंटर सुरू केलं १९८८ ला. नजीबुल्लाचं सरकार होतं तेव्हा. १९९० पासून तिथे अल्बर्टो कैरो नावाचे इटालियन फिजिओ आहेत, मूळचे वकिलीचं शिक्षण घेतलेले, मग फिजिओ झाले आणि तिकडे गेले ते तिथलेच झाले. नंतर मुजाहिदीन आले, काबूलमध्ये गल्लीगल्लीत रॉकेट पडली, मग तालिबान, मग अमेरिका आणि करझाई, मग घनी, मग २०२१ ला परत तालिबान. सरकारं येत गेली, जात गेली, सेंटर चालू राहिलं, उलट वाढलं: मजार-ए-शरीफ, हेरात, गुलबहार, जलालाबाद, फैजाबाद, लष्करगाह. आजवर दोन लाखांहून जास्त अपंगांची नोंद झालीय तिथे. कंदहारमध्ये ह्युमॅनिटी अँड इन्क्लूजनचं, म्हणजे ज्यांना आधी हँडिकॅप इंटरनॅशनल म्हणायचे त्यांचं, वेगळं काम आहे.

हे टिकलं कसं, यात तुम्हाला लागणारं जवळजवळ सगळं उत्तर आहे. एक म्हणजे तिथे तुम्ही कोणाकडून लढत होता असं कोणी विचारत नाही, भूसुरुंगावर पाय पडला तो सरकारी शिपायाचा असो नाहीतर तालिबचा, मोजमाप तेच. दुसरं, सुरुवातीला फक्त युद्धात जखमी झालेल्यांना घ्यायचे, नंतर दार सगळ्यांना उघडलं, पोलिओवाले, क्लबफूटची (जन्मतःच पाऊल आत वळलेली) बाळं, सेरेब्रल पाल्सी, ट्रकखाली सापडलेले. (पोलिओ अजून हटलेला नाही असे जगात दोनच देश उरलेत, पाकिस्तान आणि हा.) आणि तिसरं, मला सगळ्यात भारी वाटतं ते: तिथे काम करणारे बहुतेक जण स्वतः अपंग आहेत. साचे घेणारा, प्लास्टिक तापवणारा, चालायला शिकवणारा, रिसेप्शनवरचा. नव्याने पाय गेलेला माणूस रडकुंडीला येऊन आत शिरतो आणि समोर जो त्याला उभं करतो त्याचेही दोन्ही पाय कृत्रिम असतात, आता याला काउन्सेलिंगची वेगळी खोली काय करायचीय.

म्हणजे परदेशी माणूस उद्या विमानाने गेला तरी सेंटर बंद पडत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये कितीतरी संस्थांचे लोक निघून गेले, पण या सेंटरमध्ये काम करणारे जवळजवळ सगळे तिथलेच होते, ते कुठे जाणार, त्यांनी सकाळी येऊन दार उघडलं. म्हणून मी कोणालाही सांगते की तुमचा रुपया तिथल्या टेक्निशियनच्या पगारात आणि कच्च्या मालात जातोय का ते आधी बघा, फोटोत काय दिसतंय ते नंतर.

कच्चा माल म्हणजे मुख्यतः पॉलिप्रॉपिलीन. त्याच्या शीट येतात, अवनमध्ये मऊ करायच्या, प्लास्टरच्या साच्यावर ओढायच्या, थंड झालं की सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाचा उरलेला पाय ज्यात बसतो तो भाग, तयार. आयसीआरसीने ही पद्धत गरीब देशांसाठीच बसवली, स्वस्त, हलकी, दुरुस्त करता येते. काबूलला सुटे भाग बनतात आणि बाकीच्या सेंटरांना जातात. आपला जयपूर फूट पण याच विचारातला, अनवाणी चालता यावं, मांडी घालता यावी, उकिडवं बसता यावं, आणि अफगाण घरात सगळं जमिनीवरच चालतं त्यामुळे तो तिथे अगदी फिट बसतो.

आता कॅम्पबद्दल थोडं स्पष्ट बोलते, काही लोकांना आवडणार नाही. एका दिवसात पाय बसवून देणारे कॅम्प जिथे काहीच सोय नाही तिथे देवासारखे असतात हे मान्य. पण पाय कापायचं ऑपरेशन झाल्यावर पहिले काही महिने स्टंपची, म्हणजे उरलेल्या पायाच्या टोकाची, सूज उतरत राहते, मसल बारीक होतो, आज घट्ट बसलेलं सॉकेट पुढे ढिलं होणार, चष्म्याचा नंबर बदलावा तसं हे आहे, परत यावंच लागतं. मुलांचं तर विचारूच नका, वाढत्या वयात साधारण सहा महिन्यांनी नवा पाय लागतो, मोठ्यांना तीन ते पाच वर्षांनी. आठव्या वर्षी पाय गेला तर अठराव्या वर्षापर्यंत हिशोब वीस पायांच्या आसपास जातो. तेव्हा कोणी तुम्हाला सांगितलं की आम्ही तिकडे एवढे पाय वाटले, तर पुढचा प्रश्न हाच, की दुसऱ्यांदा ते लोक कोणाकडे गेले.

बरं, आता तुम्ही कोण आहात त्यावर पुढचं.

फक्त पैसे द्यायचे असतील तर सोपंय, पण नियम बघून. भारतातून परदेशात व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेखाली, त्यात देणगी बसते. परदेशी संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर आयकरातली ८०जी ची सूट सहसा मिळत नाही, ते मनात धरून बसू नका. मोठ्या ओळखीच्या संस्थेला त्यांच्याच वेबसाइटवरून द्या. काबूलमधल्या कोणाच्या तरी पर्सनल अकाउंटला, किंवा हवाल्याने, अजिबात नको, तो माणूस शंभर टक्के खरा असला तरी नको. कारण तालिबानच्या अनेक नेत्यांवर संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध आहेत आणि भारतात ते यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याच्या ५१ए कलमाखाली लागू होतात, पैसा कुठे फिरून कुठे गेला हे तुम्ही सिद्ध करत बसाल. २२ डिसेंबर २०२१ ला सुरक्षा परिषदेने ठराव २६१५ केला, त्यात मानवतावादी मदतीला या निर्बंधांतून सूट दिली, अमेरिकेनेही त्यांच्या ट्रेझरीकडून जनरल लायसन्स काढली. तरीही बँका घाबरतात. कागदावर परवानगी आणि बँकेच्या कम्प्लायन्सवाल्याच्या मनातली परवानगी यांत महिनेच्या महिने जातात, त्यामुळे मोठ्या संस्थेतूनच जा, त्यांनी ही भांडणं आधीच केलेली असतात.

आणि देताना शक्य असेल तर "पगार, कच्चा माल, पेशंटचं येणं-जाणं" यासाठी म्हणून द्या, किंवा सरळ कुठलीही अट न घालता द्या. "आमच्या नावाची पाटी लागेल अशा मशीनसाठी" म्हणून देऊ नका. २०२३ मध्ये आयसीआरसीकडेच पैसे कमी पडले आणि त्यांना अफगाणिस्तानातल्या २५ हॉस्पिटलांना दिला जाणारा सपोर्ट ऑगस्टअखेर थांबवावा लागला. २०२५ मध्ये अमेरिकेने मदत कापली तेव्हा तर आरोग्यकेंद्रंच्या केंद्रं बंद झाली. अशा वेळी मशीन कोपऱ्यात धूळ खात असतं, विजेचं बिल आणि टेक्निशियनचा पगार मात्र दर महिन्याला द्यावाच लागतो.

तुमचा ट्रस्ट असेल तर मामला अवघड. आपल्या आयकर कायद्यात धर्मादाय ट्रस्टने भारताबाहेर खर्च केला की त्यावरची करमाफी साधारणपणे जाते, सीबीडीटीची (प्रत्यक्ष कर मंडळाची) खास मंजुरी लागते, आणि एफसीआरएचा, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखाली आलेला, पैसा २०२० च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या संस्थेला देताच येत नाही. मग महाराष्ट्रातल्या ट्रस्टने काय करावं? मला विचाराल तर अफगाण मुलामुलींना भारतात शिकवा. प्रोस्थेटिक्स-ऑर्थोटिक्सची (कृत्रिम अवयव आणि आधाराची साधनं बनवायची) डिग्री, फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी. मुंबईत हाजी अलीला एआयआयपीएमआर ही पुनर्वसनाची सरकारी संस्था आहे, १९५५ पासूनचं, बंगळुरूला मोबिलिटी इंडिया आहे. फी, हॉस्टेल, पुस्तकं, सगळा खर्च भारतातच होतो, तुमचा सीए पण शांत झोपेल (तरी त्याला विचाराच आधी). पुण्यात इतकी वर्षं अफगाण विद्यार्थी शिकताहेत, त्यांच्यापैकी कोणाला गाठून आधी बोला, कुठल्या प्रांतात काय चालतं हे त्यांच्या घरच्यांना आपल्यापेक्षा नीट माहीत असतं. व्हिसाचं दार २०२१ नंतर बराच काळ जवळपास बंदच होतं, आता थोडं किलकिलं आहे. मुलींचं अजून अवघड, ऑगस्ट २०२३ मध्ये दुबईला स्कॉलरशिपवर निघालेल्या मुलींना काबूल एअरपोर्टवरून परत पाठवलं होतं. ज्या मुली आधीच भारतात आहेत त्यांच्यापासून सुरुवात करा, हे माझं साधं मत.

आता बायकांचा मुद्दा, आणि यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण प्लॅन इथेच फसतात.

२४ डिसेंबर २०२२ ला तालिबानने एनजीओंमध्ये बायकांना काम करायला बंदी घातली. एप्रिल २०२३ मध्ये ती संयुक्त राष्ट्रांच्या ऑफिसांनाही लावली. आरोग्याच्या कामाला सूट मिळाली, पण ती सूट बऱ्याचदा तोंडीच असते, आणि प्रांताप्रांतात वेगळी, इथला अधिकारी हो म्हणतो, शेजारच्या प्रांतातला नाही म्हणतो, आणि अधिकारी बदलला की परत पहिल्यापासून. फिजिओत हा काही साइड इश्यू नाहीये. बाईच्या मांडीचं माप, स्टंपची तपासणी, पेल्विसचे व्यायाम, हे पुरुष थेरपिस्ट करूच शकत नाही तिथे. बाई थेरपिस्ट नसेल तर बाई पेशंट येत नाही, एवढं सरळ गणित आहे. त्यात डिसेंबर २०२४ मध्ये मुलींना मेडिकल इन्स्टिट्यूटमध्ये नर्सिंग, मिडवाइफरी वगैरे शिकायलाही बंद केलं, म्हणजे आज ज्या बायका थेरपिस्ट आहेत त्या रिटायर होतील किंवा देश सोडतील तेव्हा मागून येणारी कोणी नाही. म्हणून सध्या ज्या आहेत त्यांना टिकवणं, त्यांचा पगार, त्यांची ने-आण, त्यांचं पुढचं शिक्षण, यावर केलेला खर्च सगळ्यात वसूल होणारा आहे.

प्रॅक्टिकल गोष्टी सांगते. ७२ किलोमीटरपेक्षा लांब जायचं तर बाईबरोबर घरातला पुरुष हवा, मेहरम, असा आदेश डिसेंबर २०२१ पासून आहे. म्हणजे एखाद्या बाईला तीन फिटिंगला बोलावलं तर तीन वेळा नवरा किंवा भाऊ सोबत येणार, त्याची मजुरी बुडणार, आणि दुसऱ्या फेरीनंतर ती येणं बंद करणार, तिची इच्छा असूनही. तेव्हा बजेटमध्ये पेशंटचं भाडं लिहिताना दोघांचं लिहा, राहायची जेवायची सोय दोघांची धरा, आणि शक्य असेल तर सगळ्या फिटिंग एकाच मुक्कामात उरका. स्टाफमधल्या बाईला गावात होम व्हिजिटला पाठवायचं तर तिच्या मेहरमची दिवसाची मजुरीही धरा, काही संस्था पती-पत्नीची जोडीच कामावर घेतात ते याचसाठी. वेगळं दार, वेगळी वेटिंग रूम, वेगळी जिम हे चर्चेआधीच करून ठेवा, म्हणजे बंद करायला निमित्त मिळत नाही.

मग प्रश्न येतो की असल्या अटी मानून काम करायचं का? यावर लोकांची भांडणं होतात आणि दोन्ही बाजूंचं म्हणणं खोटं नाही. माझं मत असं की वेगळ्या दाराची अट मानावी, पण "बाई स्टाफशिवाय चालवा" ही अट मानू नये, तेवढा भाग थांबवावा, आणि थांबवलाय हे देणगीदारांना उघड सांगावं. फक्त पुरुषांनी पुरुषांना दिलेली सेवा हळूहळू नॉर्मल होऊन बसते, आणि आकड्यांत ते दिसतही नाही, कारण एकूण पेशंट तेवढेच राहतात. आकडे मागताना म्हणूनच बाई-पुरुष-मुलं वेगळे मागा, नेहमी.

ऑनलाइन शिकवायचा विचार असेल तर छान, पण इंटरनेटच्या भरवशावर कोर्स उभा करू नका. २९ सप्टेंबर २०२५ ला तालिबानने अख्ख्या देशाचं इंटरनेट बंद केलं, दोन दिवस फोन पण नीट लागेनात. व्हिडिओ छोटे ठेवा, डाउनलोड करून ठेवता येतील असे. भाषा दरी (तिथली फारसी) आणि पश्तो दोन्ही, आणि बऱ्याच पेशंटना वाचता येत नाही म्हणून आवाजात सूचना. अजून एक, ऑगस्ट २०२४ च्या त्यांच्या नैतिकतेच्या कायद्यात सजीवांची चित्रं छापण्यावर बंदी आली, तेव्हा व्यायामाच्या पत्रकावर माणसांचे फोटो छापून पाठवाल आणि ती वाटणारा माणूस अडचणीत येईल. काय चालेल ते तिथल्या टीमला विचारा, त्यांच्या डोक्यावर बसून ठरवू नका.

स्वतः जायचंच असेल तर दोन-तीन आठवड्यांसाठी जाऊ नका. अनुभव तुम्हाला मिळतो, ओझं त्यांच्यावर पडतं, तुमची सिक्युरिटी, गाडी, दुभाषा, परवानग्या. कुठल्या तरी संस्थेच्या रीतसर पोस्टवर जा, लांब मुदतीच्या, आणि शिकवायला जा, पेशंट तपासायला तिथले आहेत. भारत सरकारची ट्रॅव्हल अॅडव्हायजरी वाचा, घरच्यांना खरं सांगा.

हक्कांचं काय, असं विचारतील काही जण, कारण वर सगळं पाय-खुर्ची-सॉकेट चाललंय. अफगाणिस्तानने अपंगांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार २०१२ मध्ये मान्य केलाय, २०१० मध्ये स्वतःचा कायदाही केला होता ज्यात सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के जागा होत्या. कागदावर ठीकच. पण तिथे आधीपासून युद्धात अपंग झालेल्याला मान आणि भत्ता, आणि जन्मापासून अपंग असलेल्याला दया, अशी उतरंड आहे, आणि सगळ्यात खाली अपंग बाई. २०१९ च्या सर्व्हेत १३.९ टक्के प्रौढांना तीव्र अपंगत्व आढळलं होतं, म्हणजे ही छोटी गोष्ट नाही. आज तिथे मोर्चा काढा, पिटिशन करा असं इथे बसून सांगणं म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर उदार होणं. जे करता येतं ते सेंटरच्या आवारात: नोकरीत अपंगांनाच प्राधान्य, धंद्यासाठी छोटं बिनव्याजी कर्ज, शाळेत जाऊ न शकणाऱ्या मुलांसाठी घरी शिक्षक, मणक्याच्या पेशंटसाठी घरपोच टीम, व्हीलचेअर बास्केटबॉल. हे सगळं काबूलच्या सेंटरने केलेलं आहे. बास्केटबॉलच्या महिला टीमची कॅप्टन निलोफर बयात २०२१ मध्ये स्पेनला गेली, बायकांचा खेळ बंद झाला. तरी ज्या मुलीने एकदा चारचौघांत खुर्ची पळवून बास्केट केलंय तिला परत घराच्या मागच्या खोलीत बसवणं तेवढं सोपं नसतं असं मला वाटतं, बाकी तिचं तिलाच माहीत.

फोटोंबद्दल एकच सांगते, पेशंटचा चेहरा, गाव, तो कुठे जखमी झाला, हे सोशल मीडियावर टाकू नका, तो हो म्हणाला तरी. आज ज्याच्याकडून लढला म्हणून कौतुक आहे तेच पुढच्या सरकारात महागात पडू शकतं, तिथे हे इतक्या वेळा झालंय. पेशंटची यादी देणगीदारालाही द्यायची नसते, आणि देणगीदाराने मागायचीही नसते.

शेवटी, कुठल्याही संस्थेला मेल टाकताना हे विचारा: गेल्या वर्षी नवे पाय किती बसवले आणि जुने दुरुस्त किती केले, बायका किती, पंधरा वर्षांखालची मुलं किती, स्टाफमध्ये अपंग किती आणि त्यातले मोठ्या पोस्टवर किती, परदेशी स्टाफ सहा महिने नसेल तर काय चालू राहील, कच्चा माल किती महिन्यांचा गोडाऊनमध्ये असतो. दुरुस्तीचा आकडा नव्याच्या मानाने अगदीच कमी असेल तर परत विचारा का, कारण पाय मोडत नाहीत असं नसतं, लोक परत येऊ शकत नाहीत असंच बहुतेक असतं. महिन्याभरात नीट उत्तर आलं तर द्या पैसे, नाही आलं तर पुढची संस्था बघा.